अभयदानाचा डोह

छातीवरचा टाका अजून ओढत होता. गाडी खड्ड्यात गेली की हेन्रिके उशी छातीशी घट्ट दाबून धरी, आणि इन्तोन आरशातून तिच्याकडे पाहून गाडी आणखी हळू करी. अकरा आठवडे काढलेल्या चियांगमाईच्या दवाखान्यातून निघून सहा तास झाले होते. फेब्रुवारी सरत आला होता. डोंगर पेटवायचे दिवस. धुरामागे कड्यांचे माथे बुडून गेले होते आणि सूर्य घासायचा राहिलेल्या तांब्याच्या झाकणासारखा नुसता टांगलेला होता.

"पिल्लं निघाली असतील एव्हाना," ती म्हणाली.

इन्तोन गावचा प्रमुख. दरवर्षी याच दिवसांत तो आणि ती गुडघाभर पाण्यात उभे राहून खडस माशाची पिल्लं मोजत. ती आकडे सांगे, तो वहीत मांडे आणि मधूनच मुद्दाम चुकीचा आकडा वाचून तिला चिडवी. आज त्याने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"मावशी, आधी विहारात जायचंय. सगळे थांबलेत. तिथे जे काही कानावर येईल, ते हसून ऐका. एवढं माझ्यासाठी करा."

"का? माझं भाषण ठेवलंयस?"

"त्याहून वाईट," इन्तोन म्हणाला, पण नेहमीसारखा हसला नाही.

बावीस वर्षांपूर्वी हेन्रिके नेदरलँडहून सहा आठवडे शाळेत शिकवायला म्हणून आली होती. परत गेली ती एकदाच, आईला माती द्यायला. ती आली तेव्हा विहाराखालच्या डोहात सुरुंगाची दारू टाकून मासे मारत. कड्याच्या कपारीत चौदा खडस उरले होते. दोन दिवस खडकावर पालथी पडून तिने ते मोजले होते. मग ती थोरल्या भन्तेंकडे गेली, इन्तोनच्या वडिलांकडे गेली, घराघरांत जाऊन चिकट भाताच्या परड्यांपुढे बसली आणि मोडक्यातोडक्या बोलीत मागत राहिली. पोरं तिला रीका म्हणत, तिच्या उच्चारांना हसत, बाया पदराआड हसत, पण कोणी तिला उठ म्हणालं नाही. शेवटी भन्तेंनी विहाराच्या पायऱ्यांपासून वाकड्या चिंचेपर्यंतचं पाणी अभयदानात दिलं. पाटी तिनेच रंगवली. अक्षरं वळत नव्हती, म्हणून शेजारच्या बुआखामने तिचा हात धरून ती गिरवून घेतली: या पाण्यातल्या प्रत्येक जिवाला अभय आहे.

चौदांचे चारशे झाले होते. पाण्यात हात घातला की सोनेरी खवल्यांचे मोठे मासे बोटांना तोंडं लावून जात. खालच्या-वरच्या कुठल्याच गावात आता खडस राहिला नव्हता. होता तो एवढाच.

विहाराच्या मंडपात तीन लांब काठ्या शेंड्याशी बांधून उभ्या केल्या होत्या. त्यांच्याखाली हेन्रिकेला बसवलं. बुद्धमूर्तीच्या हातातून निघालेला पांढरा दोरा काठ्यांवरून तिच्या डोक्याभोवती आणला. भन्तेंचं पठण संपल्यावर बुआखाम पुढे सरकली. सत्तरीची, मागावर बसून बसून पाठ वाकलेली, पण गळा अजून तरणा. तिने हेन्रिकेचं मनगट मांडीवर घेतलं आणि माणसाच्या अंगात राहणाऱ्या, दुखण्यात भटकलेल्या बत्तीस जिवांना हाका घालू लागली:

*या रे बत्तीस जिवांनो, वाट धरा घराची,*
*थंड त्या खाटेवरून उठा, ऊब घ्या चुलीची.*
*रानात रमला असाल, तर पान हलवून या,*
*पाण्यात रमला असाल, तर पाणी कापून या,*
*रीकाच्या हाडांमधली आपली जागा घ्या.*

मनगटावर दोऱ्याची गाठ मारून तिने ती दातांनी ओढली. मग एकेक जण येऊन दोरा बांधू लागला. हेन्रिकेचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले.

"किती वाळलीस गं," बुआखाम म्हणाली. "त्यांनी छाती कापली की मांस विकलं?"

"चांगला भाव आला म्हणे."

"तुझ्या मांसाला? म्हातारी गोरी फरांग, नुसत्या शिरा." मग ती कानाशी वाकली. तिच्या तोंडाला भाजल्या मिरचीचा वास येत होता. "ऐक. तुला आत नेलं ना, त्याच घटकेला आम्ही डोहावर होतो. इन्तोनने फोन कानाला धरून ठेवलेला. नर्स म्हणाली, आता सुरू झालं. मी म्हटलं, सोडा. एकोणसत्तर मासे सोडले. तुझ्या वयाचे अडुसष्ट, आणि एक वरचा, पुढच्या वर्षासाठी."

कोणाचे कसे आभार मानावेत हे हेन्रिकेला कळेना. "कुठले मासे?" तिने विचारलं.

"मांगूर. दुसरे कुठले? बाजारातल्या बाईच्या फळीवर चढलेले, सुरी लागायच्या आतले. मरणाच्या दारातून काढलेला जीवच खरा, त्याचंच पुण्य लागतं. मग तुला ताप चढला, म्हणून पौर्णिमेच्या उपोसथाला पुन्हा सोडले. तू डोळे उघडेनास, तेव्हा मात्र प्रत्येक घर उठलं. घराघराचे एकोणसत्तर. इन्तोनची गाडी किती वेळा भरून आली ते त्यालाच विचार."

मंडपातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली होती, आणि त्या तोंडांवर नवं लुगडं नेसून आलेल्या लेकीकडे बघावं तसा आनंद होता. हेन्रिके हसत राहिली. मंडपाच्या खांबाशी उभ्या इन्तोनने मान खाली घातली.

सकाळी ती काठी टेकत डोहावर गेली. मूठभर भात पाण्यावर टाकला. पूर्वी पाणी सोन्यासारखं उकळे. आज काळी, चपटी, मिशाळ डोकी वर आली, एकमेकांच्या अंगावर चढली, भात गिळून खाली गेली. चिंचेजवळच्या उथळ पाण्यात, जिथे या दिवसांत पिल्लांच्या ढगाने वाळू दिसत नसे, तिथे प्रत्येक गोटा स्वच्छ दिसत होता. तिने वाकून पाहिलं. मग बसून पाहिलं. एकही नव्हतं. कड्याच्या कपारीत म्हातारे खडस होते, दाटीने, वळचणीला उभ्या राहिलेल्या माणसांसारखे. ते अजून दहा-बारा वर्षं जगतील. त्यांच्या मागे कोणी असणार नाही.

इन्तोन पायऱ्या उतरून आला आणि तिच्याजवळ उकिडवा बसला.

"तू का अडवलं नाहीस?" ती म्हणाली. "मांगूर अंडी-पिल्लं खातो हे त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, निम्मी आशा. बुआखाममावशी पिंप धरून उभी. तिला काय सांगू, हा मासा नको, खडस आण? बाजारात खडस मिळत असता, तर तुम्ही इथे बावीस वर्षं काय केलं असतंत?" त्याने एक खडा उचलला आणि टाकला नाही, तसाच मुठीत ठेवला. "मीही सोडले, मावशी. माझ्या घराचे मीच ओतले. ओतताना मनात आलं की पिल्लं पुढच्या वर्षीही होतील, तुम्ही मात्र पुन्हा मिळायच्या नाही."

यावर हेन्रिकेला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिने मत्स्यखात्यातल्या ओळखीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डोह उपसा नाहीतर विष घाला, दुसरा उपाय नाही. जाळ्यात येतील ते दहांतले दोन. डोह उपसण्याएवढी यंत्रं जिल्ह्यात नव्हती, आणि विषाने खडसच आधी गेले असते. तरी ती थोरल्या भन्तेंकडे गेली. ते पारावर बसून केरसुणी बांधत होते. तिने सगळं सांगितलं.

"पाहतो मी, उपासिके," ते म्हणाले. "रोज पाहतो."

"मांगूर तेवढे वगळू या, भन्ते. पाटीवर तसं लिहू."

"लिहू शकतो. बावीस वर्षं लोकांनी हात आवरला तो एका शब्दावर: प्रत्येक. आज मी एक मासा वगळला, तर उद्या दुसरा कोणी दुसरा वगळेल. भूक सगळ्यांनाच आहे. तो शब्द राहणार नाही."

"आणि खडस राहणार नाहीत."

"नाही राहणार," भन्ते म्हणाले. केरसुणीची गाठ त्यांच्या हातून सुटली. "प्रत्येकाने पाण्यात मासा सोडताना तुमचं नाव घेतलंय. त्यांना जाळं घालायला या गावातला कोण उठेल? न मारता धरून विहाराच्या हौदात ठेवता आले तर धरा. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर असतं, तर तुम्ही दवाखान्यात असतानाच मी ते पाठवलं असतं."

इन्तोनने जाळं आणलं. दोन सकाळी त्याने ते टाकलं. एकोणीस मांगूर आले; बाकीचे चिखलात शिरले, कपारीत गेले. दुसऱ्या सकाळी जाळ्यात एक म्हातारी खडस मादी अडकली. कल्ले फाटून ती इन्तोनच्या हातातच गेली. तिच्या पोटात अंडी होती, पिवळीजर्द, बाजरीच्या दाण्यांसारखी. इन्तोनने जाळं गुंडाळलं आणि पुन्हा उलगडलं नाही.

पायरीवर बुआखाम उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"माझे मासे का धरताय?"

इन्तोन म्हणाला, "औषध पाजायला, मावशी."

"मी बावळट दिसते का रे? तुला पहिला लंगोट मी लावलाय." ती हेन्रिकेकडे वळली. "तू सांग. तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात."

बावीस वर्षांत हेन्रिकेने या बाईपासून काही लपवलं नव्हतं. तिने बुआखामला हाताला धरून चिंचेजवळच्या उथळ पाण्याशी नेलं आणि सांगितलं. हळू, एकेक शब्द. मांगूर काय खातो. अंडी किती दिवस गोट्यांत राहतात. पिल्लं कुठे गेली.

बुआखामने सगळं ऐकून घेतलं. मग तिने वाकून रिकाम्या वाळूवर हात फिरवला.

"मग तू मेली असतीस," ती शेवटी म्हणाली, "तर हे राहिले असते?"

हेन्रिकेने तोंड उघडलं. तिला नाही म्हणायचं होतं. तसं नसतं, शस्त्रक्रियेचा आणि माशांचा संबंध नसतो, असं तिच्या देशातल्या कोणालाही तिने सहज सांगितलं असतं. पण या बाईला ते सांगणं म्हणजे, तू अकरा आठवडे पिंपं वाहिलीस ती फुकट, असं सांगणं. आणि हो म्हणावं, तर ते दोघींनाही कसं सोसणार? ती गप्प राहिली. बुआखामने त्या गप्प राहण्याचा काय अर्थ घेतला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

चार दिवस बुआखामचा माग बंद होता. ती शेजारच्या कुंपणाशीही आली नाही.

पाचव्या दिवशी, ऊन कलल्यावर, धुराने उजेड पिवळट झाला असताना, हेन्रिके डोहावर बसली होती. कपारीतून खडसांची एक जोडी बाहेर आली. मादी मोठी होती, पाठ शेवाळी सोन्याची. उथळ पाण्यात येऊन ती शेपटीने गोटे सारू लागली. नर तिच्या कडेने फिरत राहिला. हेन्रिकेने श्वास धरला. आणि मग तिला जोडीच्या मागे, खोल पाण्याच्या कडेला, मांगूर दिसले. सगळे एकाच दिशेला तोंडं करून, न हलता. पंगतीला बसल्यासारखे.

तिच्या मागून कोणीतरी पायऱ्या उतरलं. बुआखाम होती. हातात कुंपणाची काठी. तिने काही विचारलं नाही. जोडी पाहिली, मागची काळी रांग पाहिली, आणि लुगडं गुडघ्यांवर खोचून पाण्यात उतरली.

"बुआ, पाय घसरेल. वर ये."

बुआखामने काठी पाण्यावर हाणली. मांगूर पांगले. खडसांची जोडीही दचकून बाजूला झाली, मग पुन्हा गोट्यांशी आली. मांगूरही आले, दुसऱ्या बाजूने. तिने पुन्हा हाणली. पाणी तिच्या छातीवर, तोंडावर उडत होतं. ती त्यांना शिव्या देऊ लागली, पोरांना देतात तशा, नावं घेऊन; आणि मग मध्येच थांबली, कारण पाण्यात सोडताना त्यांच्यावर तिने एकच नाव घेतलं होतं, रीकाचं.

हेन्रिके छातीला हात लावून, उशी नव्हती म्हणून नुसता हात लावून, पाण्यात उतरली. दोघी म्हाताऱ्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. एक काठीने, एक तळहाताने पाणी बडवत राहिली. मादीने अंडी टाकली. ती गोट्यांवरून धुक्यासारखी सरकली, आणि दोघींच्या पायांमधून काळी, मिशाळ डोकी निवांत पुढे सरकली.

"किती दिवस हाकलायचं असतं?" बुआखामने धापा टाकत विचारलं.

"पिल्लं पोहू लागेपर्यंत. दिवसरात्र."

बुआखामने काठी उचलली, पण हात वर जाईना. पाणी निवळलं. गोटे पुन्हा दिसू लागले, एकेक, धुतल्यासारखे. ती तिथेच उभी राहिली आणि हेन्रिकेकडे न बघता म्हणाली, "ह्या मांगुरांतले माझ्या हातचे कुठले, ते मलासुद्धा ओळखू येत नाहीत गं."