आजार घरी ठेवून

आमचा पुस्तकबांधणीचा धंदा. वर घर, खाली दुकान. फाटकी, सुटी झालेली पुस्तकं येतात आणि आठवड्याभरात धडधाकट होऊन परत जातात. इतक्या वर्षांत एक पानसुद्धा स्वतःहून जागेवर बसलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून ‘होईल आपोआप बरं’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. धाकट्या बहिणीच्या पोटाबद्दल हे मी इतक्यांकडून ऐकलं होतं की पुढच्या माणसाच्या डोक्यावर खळीचं पातेलं उपडं करावंसं वाटे.

तिला आम्ही चिमणी म्हणतो. लहानपणी लाडानं म्हणायचो, पुढे ती खरंच चिमणीएवढी दिसू लागली. जेवली की पोट तट्ट फुगायचं, कळा यायच्या. पानं शिवता शिवता सुई तशीच टोचून ती जिन्याकडे धावायची. डॉक्टरांनी आधी अ‍ॅसिडिटी म्हटलं, मग जंत, मग आयबीएस, म्हणजे आतडी चिडकी. आमच्या घरात चिडका म्हणून मी प्रसिद्ध, आणि भोगत होती ती. एकानं तर लग्नाचं टेन्शन घेतेस का, असं विचारलं. त्या दिवसापासून पोट दुखतंय हे सांगणंच तिनं सोडून दिलं. ती वाळत चालली होती आणि गप्प होती, आणि मला त्या गप्प बसण्याची जास्त धास्ती होती.

गव्हाचा संशय पूर्वी एकदा घेऊन झाला होता. रक्त तपासलं, काही निघालं नाही. गहू निर्दोष सुटला आणि चिमणीच्या ताटात पुन्हा पोळी आणि पाव आले.

अखेर पोटाच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. त्यांनी तो जुना रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, तेव्हा ही काय खात होती? आई खुर्चीत सावरून बसली. या प्रश्नाची ती जणू वाटच बघत होती. तपासणीची तारीख मिळेपर्यंत कितीतरी महिने गेले होते, आणि तेवढे दिवस तिनं लेकीला पोळीचा, पावाचा तुकडा शिवू दिला नव्हता. बिस्किटसुद्धा नाही. रिपोर्ट चांगला यायला नको का? आताही वेळ ठरल्यापासून तिनं गव्हाचं सगळं बंद केलं होतं. त्या महिन्यांत चिमणीला जरा बरं वाटायचं, हेही आईनं अभिमानानं सांगितलं. त्याचं श्रेय आम्ही आईच्या देखरेखीला दिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “आई, आजार घरी ठेवून मुलीला घेऊन आलात, तर मला तो दिसणार कसा?”

आम्ही ग्राहकाकडे पुस्तक पाठवताना पुसून, दाबून पाठवतो. चिमणीलाही तसंच पाठवलं होतं.

गहू पोटात जात असेल तरच तपासणीत आजाराची खूण सापडते, म्हणून आता तिनं रोज पोळी नाहीतर पाव खायचा होता, पुढचे काही आठवडे. मी भडकलो. जे खाऊन मुलगी लोळते तेच मुद्दाम भरवायचं, ही कसली डॉक्टरकी? पण चिमणीनं माझी बाही ओढली.

“दादा, त्रास होऊ दे. एकदा दिसू तर दे.”

ती औषध घ्यावं तसा पाव खायची आणि मग जिन्यात पोट आवळून बसायची. मी खाली दाबयंत्राचं चाक उगाच फिरवत राही. मग रक्त तपासणीला गेलं, तोंडातून नळी घालून आतड्याचे बारीक तुकडे काढले, आणि एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं.

आधी त्यांनी निरोगी आतड्याचं चित्र दाखवलं, कित्येक पटींनी मोठं केलेलं. बारीक बारीक बोटं दाटीवाटीनं उभी होती, टॉवेलवर धागे उभे असतात तशी. आपण खातो ते या बोटांतून अंगात मुरतं, त्या म्हणाल्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. एवढं नाजूक काम माझ्याही पोटात आहे आणि मी आजवर त्यावर नुसता चहा ओतत आलो!

मग त्यांनी चिमणीचं चित्र लावलं. तिथं काहीच उभं नव्हतं. सगळं सपाट होतं.

या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात, गहू पोटात गेला की अंगच आपल्या आतड्यावर उठतं, असं त्या सांगत होत्या. चिमणी पडद्याच्या अगदी जवळ गेली.

“म्हणजे मी नाटक करत नव्हते.”

“मुळीच नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईनं पदर डोळ्यांना लावला. औषध काय, मी विचारलं. औषध नाही, गहू आणि जवासारखे त्याचे भाऊबंद जन्मभर बंद. मग ती बोटं कोण उभी करणार? आपोआप येतील, त्या म्हणाल्या. मी जीभ चावली.

घरातला गहू गेला, पोळी आणि पाव गेले. दुकानातली मैद्याची खळही गेली, कारण पान उचलताना बोट जिभेला लावायची चिमणीची खोड आहे. आता आम्ही मक्याच्या पिठाची खळ करतो. चिकटते बरी, पण माझी कुरकुर चालू असते.

दीडेक वर्षानं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तुकडा काढला आणि पुन्हा आम्हाला पडद्यासमोर बसवलं. चिमणीचे गाल तोवर भरले होते, तरी मी खुर्चीच्या कडेवरच बसलो होतो. चित्र आलं. बोटं उभी होती. काही अजून बुटकी होती, पण उभी होती, एकमेकांना खेटून. ना कुणी शिवली, ना चिकटवली, ना दाबाखाली ठेवली. आम्ही फक्त त्यांना त्रास देणं थांबवलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“दादा, बोल की काहीतरी,” चिमणी म्हणाली.

मी त्या पडद्याला हात जोडले.