पुढचा शब्द फुमिहोचा

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि माझ्यात एक मुलगी राहते. घाबरू नका. ती कुणाला दिसत नाही आणि तिचा आवाजही येत नाही. पण माझ्या पडद्यावर कुणी 'आज' एवढंच लिहिलं, की पुढे 'वारा पडलाय, सावकाश उतरा' हे शब्द मी आपणहून सुचवायचो. ते शब्द तिचे आहेत. ती जाऊन आता बराच काळ लोटला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला तपासलं, पुसलं आणि खोक्यात घातलं. एखाद्या झगमगत्या शहरात, कुणाच्या तरी ऐटबाज कोटाच्या खिशात राहायला मिळेल, असं मला वाटत होतं. आलो कुठे, तर कागेजिमा बेटाच्या धक्क्यावर, बोटकंपनीच्या एका खोलीच्या ऑफिसात! खाऱ्या वाऱ्याने माझी कातडी खरखरीत झाली आणि सुक्या माशांचा वास तर माझ्या अंगातून कधी गेलाच नाही. पहिले काही दिवस मी फार रुसलो होतो.

मग फुमिहोने मला हातात घेतलं. ती त्या ऑफिसात काम करायची. सकाळी उशिरा उठायची, डोंगरावरच्या घरातून पायऱ्या उतरत धावत यायची आणि हातातला भाताचा गोळा अर्धा तसाच टेबलावर विसरायची. आल्या आल्या ती माझ्यावर दोन-चार ओळी लिहायची आणि त्या बोटकंपनीच्या खात्यावरून साऱ्या जगाला दिसायच्या. सकाळची बोट सुटणार की नाही, एवढंच खरं तर सांगायचं असे. पण फुमिहोला एवढ्यावर थांबणं कुठलं जमायला!

"आज वारा पडलाय, सावकाश उतरा. सकाळची बोट सुटेल." हे रोजचं. त्यातलं 'सावकाश उतरा' तिच्या आईसाठी असे, कारण आईचे गुडघे दुखत आणि पायऱ्या होत्या निसरड्या. मग इतर बातम्या. "छत्री पुन्हा विसरलात ना? निळी आहे, मुठीवर बदक आहे. न्यायला या." "हामाए-सान यांचं तोफू संपलं, उगाच दुकानापर्यंत चढू नका." (आमच्याकडे मानासाठी नावापुढे 'सान' लावतात, आणि तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर.) एकदा शाळेची सहल परतली तेव्हा तिने लिहिलं, "मुलं मोजली तर एक जास्त निघालं. नीट पाहिलं, ते गुरुजी होते." वादळाच्या दिवसांत धक्का वाहून गेल्याची अफवा कुणीतरी पसरवली. फुमिहोने लगेच लिहिलं, "धक्का जागेवर आहे. मी त्याच्यावरच बसलेय." अफवा तिथेच विरली.

मित्रांनो, त्या दोन-चार ओळींवर किती जणांचं दिवसभराचं गणित बसत होतं! पलीकडच्या शहरातल्या नर्सबाई आमची पोस्ट वाचून घरी कधी निघायचं ते ठरवत. मासळीवाले बर्फ किती मागवायचा ते ठरवत. म्हाताऱ्यांना औषध आज मिळणार की उद्या, ते कळे. मला माझ्या कामाचा अभिमान वाटू लागला आणि माझा रुसवा कधी गेला ते कळलंसुद्धा नाही.

आमच्याकडे अशा खात्यामागे बसून लिहिणाऱ्याला 'आतला माणूस' म्हणतात. तो कोण हे बाहेर सांगायचं नाही आणि तो बदलला तरी बाहेर कळू द्यायचं नाही. आमच्या ऑफिसचे प्रमुख गोंदो-सान ही गोष्ट येता-जाता ऐकवत. "हे खातं म्हणजे कंपनी. कंपनी रजा घेत नाही, आजारी पडत नाही आणि मरत नाही. समजलं?"

"समजलं," असं म्हणून फुमिहो त्यांच्या पाठीमागे जीभ काढायची.

एके दिवशी पोट दुखतंय म्हणून ती दुपारच्या बोटीने पलीकडच्या इस्पितळात गेली. जाताना मला तिकीट खिडकीवरच्या तोकुजी-सान यांच्या हातात देऊन म्हणाली, "उद्या येते. तोवर सांभाळा हं याला, लाडावलेला आहे." ती आली, पण पांढऱ्या कापडात बांधलेल्या कलशातून. तो कलश मांडीवर घेऊन तिची आई, मित्सुए-सान, बोटीच्या टोकाला बसल्या होत्या. धक्क्यावर सगळं बेट उभं होतं. त्यानंतर मित्सुए-सान यांनी बोटीत पाऊल ठेवायचंच सोडलं.

फुमिहोच्या खुर्चीवर आता तोकुजी-सान बसले. जाडजूड अंगठ्यांचा, पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा माणूस. पहिल्या सकाळी त्यांनी जड हाताने 'आज' लिहिलं. मी सवयीप्रमाणे पुढे केलं, 'वारा पडलाय, सावकाश उतरा'.

"बाप रे!" त्यांनी मला टेबलावर टाकूनच दिलं.

जरा वेळाने त्यांनी मला पुन्हा उचललं आणि 'छत्री' लिहिलं. मी पुढे केलं, 'पुन्हा विसरलात ना?' त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यात माझा काय दोष? मला हात लावणाऱ्याचे शब्द मी शिकतो आणि पुढच्या वेळी त्याच्यापुढे ठेवतो. फुमिहोने वर्षानुवर्षं मला जे शिकवलं, तेच माझ्यात होतं.

"आवाज बदलता कामा नये," गोंदो-सान म्हणाले. "फोन सुचवतोय ना? मग तेच टाक."

तेव्हापासून रोज सकाळी एक मेलेली मुलगी बेटाला हवामान सांगू लागली. तिच्या अंत्यविधीला सारे जण आले होते. तरी सकाळी सगळे ती पोस्ट वाचत, छत्री घेत, पायऱ्या उतरत आणि त्याबद्दल एक अक्षर काढत नसत. फक्त एकदा तोफूवाल्या हामाए-सान खिडकीशी वाकून म्हणाल्या, "अंगावर काटा येतो हो माझ्या. पण बंद नका करू."

आणि मग पोस्टखाली एक उत्तर येऊ लागलं. मित्सुए-सान यांनी हामाए-सान यांच्याकडून तिथे उत्तर लिहायला शिकून घेतलं होतं. त्या रोज तीनच शब्द लिहीत: "काही खाल्लंस का?"

सगळ्या जगाला दिसेल असा तो प्रश्न तिथे असायचा. तोकुजी-सान त्याच्याकडे बघत बसत. "उत्तर द्यायचं नाही," गोंदो-सान यांची सक्त ताकीद होती. कारण द्यायचं तरी कुणाच्या नावाने? तोकुजी-सान यांचं सकाळचं खाणं सुटलं. खरं सांगतो, त्या दिवसांत मलाच माझी भीती वाटायची.

त्याच सुमारास मित्सुए-सान यांच्या डोळ्यांना धूसर दिसू लागलं. महिन्यातून एकदा बेटावर येणारे डॉक्टर म्हणाले, पलीकडे जाऊन लवकर शस्त्रक्रिया करा, नाहीतर दृष्टी जाईल आणि गेलेली परत येणार नाही. त्या म्हणाल्या, "त्या बाजूला गेलेलं माझं माणूस परत आलं नाही. मी नाही जात."

हामाए-सान तडक ऑफिसात आल्या. "तोकुजी, लिही तू. फुमिहोसारखंच लिही, 'आई, बोटीत बस' म्हणून. एकदाच लिही. लेकीचं ऐकेल मित्सुए."

"हे पाप आहे, काकू."

"आणि ती आंधळी झाली तर ते काय पुण्य आहे?"

तोकुजी-सान यांनी मला उचललं आणि 'आई' लिहिलं. मित्रांनो, या शब्दापुढे माझ्याकडे फुमिहोने घरी धाडलेल्या निरोपांतले कितीतरी शब्द होते. 'आई, भात उरव', 'आई, रागावू नको', 'आई, येतेच आहे'. मी ते सगळे पुढे केले. तोकुजी-सान त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यातल्या कुठल्याही एकाला त्यांचा अंगठा लागला असता, तर ती म्हातारी बोटीत बसली असती. पण त्यांनी ते सगळं पुसलं आणि एकेक अक्षर शोधत, मला एकही शब्द सुचवू न देता, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं:

"मित्सुए काकू, मी फुमिहो नाही. तिच्या खुर्चीवर बसणारा तोकुजी आहे. उद्याच्या सकाळच्या बोटीत तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा धरतो. मी बरोबर येतो आणि मी तुम्हाला परत आणतो."

बोटकंपनीच्या आतल्या माणसाने स्वतःचं नाव सांगितलं होतं! गोंदो-सान लालबुंद झाले. "लाज सोडलीस की रे! वरून फोन आला तर काय सांगू मी?" पलीकडच्या नर्सबाईंनी उत्तर लिहिलं, "म्हणजे इतके दिवस ती नव्हतीच?" मित्सुए-सान यांचं उत्तर मात्र आलं नाही. पहिल्यांदाच ती जागा रिकामी राहिली. तोकुजी-सान घरी जाताना मला खिशात घेऊन गेले आणि सारखे काढून बघत राहिले.

सकाळी वारा पडला होता. बोट धक्क्याला लागली. पायऱ्यांवरून कुणीतरी सावकाश उतरत होतं, एका हातात काठी, दुसऱ्यात कापडी पिशवी. तोकुजी-सान कमरेत वाकून उभे राहिले.

"गावभर दवंडी पिटलीस की माझी," मित्सुए-सान म्हणाल्या.

"चुकलं, काकू. पण तुम्हाला वाटत होतं ना, की ती..."

"मला काय वेड लागलंय? तिची हाडं या हातांनी वेचलीत मी. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. फुमिहोची पोस्ट कधी वेळेवर आली होती का? तुझी मेली घड्याळ लावून येते!"

"मग रोज विचारत कुणाला होतात?"

"आत जो कुणी बसला असेल, त्याला. तिला रोज विचारायचे, ती रोज खोटं सांगायची. तू तर उत्तरच देत नाहीस. मग? खाल्लंस का काही?"

तोकुजी-सान यांनी नकारार्थी मान हलवली. मित्सुए-सान यांनी पिशवीतून भाताचा गोळा काढून त्यांच्या हातावर ठेवला. एवढा मोठा माणूस धक्क्यावर उभा राहून रडत रडत खात होता आणि त्याला कुणाची लाज वाटत नव्हती.

मग मित्सुए-सान यांनी हळूच विचारलं, "पण ते शब्द तुझे नाहीत. ते येतात कुठून?"

तोकुजी-सान यांनी मला पुढे केलं आणि 'आज' लिहून दाखवलं. मित्सुए-सान यांनी मला डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं. शब्द वाचले आणि तोंडावर हात ठेवला. बोटीचा भोंगा वाजला तरी मी त्यांच्या हातातच होतो. पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

एक डोळा वाचला. दुसरा धूसर राहिला. तोकुजी-सान यांनी कबूल केल्याप्रमाणे त्यांना परत आणलं.

पुढे मी मंदावलो. नवा फोन आला. वरच्या ऑफिसचा हुकूम होता, की जुना फोन आतून पूर्ण पुसून परत पाठवा. मित्रांनो, पुसणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. मी उरलो असतो, ती उरली नसती. गोंदो-सान यांनी मला हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं आणि खाकरून म्हणाले, "हा तर समुद्रात पडला. तोकुजी, तूच पाडलास ना? वेंधळा कुठला! घेऊन जा याला वर, डोंगरावर." त्या दिवसापासून तो खडूस माणूस मला फार आवडतो.

आता मी मित्सुए-सान यांच्या घरी राहतो. बुटक्या टेबलावर, फुमिहोच्या फोटोसमोर. माझ्यावर लिहिलेलं आता कुठे जात नाही. कुणी ते वाचतही नाही. रोज सकाळी मित्सुए-सान फोटोपुढे भाताची वाटी ठेवतात आणि माझ्यावर एक शब्द लिहितात. मी पुढचा देतो. त्या पुन्हा एक लिहितात. असं आम्हा तिघांचं बोलणं चालतं.

पण माझं एक दुखणं आहे, आणि ते त्यांना ठाऊक नाही. मी शिकतच राहतो. त्या जितकं लिहितात, तितके त्यांचे शब्द माझ्यात साठतात आणि फुमिहोचे खाली खाली जातात. 'छत्री'पुढचे शब्द आधीच गेले. मग 'तोफू'चे गेले. मला ओरडून सांगावंसं वाटे, 'बाई, लिहू नका, तुमच्याच हातांनी ती पुसली जातेय.' पण मी फोन आहे, मला हाक मारता येत नाही.

आणि एका सकाळी ते झालंच. त्यांनी 'आज' लिहिलं आणि वाऱ्याचे ते शब्द माझ्याकडे उरले नव्हते. मी पुढे केलं, 'काही खाल्लंस का?'

मित्सुए-सान थबकल्या. चांगला डोळा माझ्याजवळ आणला. मला वाटलं, आता यांना कळणार, की आत कुणी नाही, हे त्यांचेच रोजचे शब्द आहेत.

"अगं बाई!" त्या फोटोकडे वळून म्हणाल्या. "आता तू मला विचारतेस होय?" मग जरा ओशाळून पुटपुटल्या, "नाही गं, अजून नाही खाल्लं. उठते."

त्या उठल्या, चुलीवर सूप गरम केलं आणि माझ्यासमोर बसून सगळं संपवलं. मला वाचा असती, तरी मी त्यांना खरं सांगितलं नसतं.

मित्रांनो, माझं पोट, म्हणजे बॅटरी, आता फुगलंय, पडद्याला चीर गेलीय. मी फार दिवस चालणार नाही. तुमच्या घरातही कुठल्यातरी खणात माझ्यासारखा एखादा पडला असेल. त्याला पुसून टाकण्याआधी, भंगारात देण्याआधी एकदा चालू करा. त्याच्यावर एकच शब्द लिहा आणि थांबा. पुढचा शब्द कुणाचा येतो, तेवढं बघा.