बाहेरून लावलेलं कुलूप

गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या घरात भरदुपारी चोरी झाली. मीटर बघायला आलोय म्हणून दोघं आले, एकट्या असलेल्या म्हातारीने विश्वासाने दार उघडलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवून ठेवलं आणि तिच्यादेखत कपाट रिकामं केलं. ही बातमी ऐकली आणि किल्लीवाल्याच्या जिवाला घोर लागला. गावभरची कुलपं तो दुरुस्त करायचा, पण त्याच्या स्वतःच्या घराच्या दाराला साधी कडी होती. आणि दिवसभर घरात कोण, तर सासूबाई. एकट्या. बायको शाळेच्या कचेरीत कारकून, ती पाचला यायची. हा स्वतः दुकानात, जेवायला दीडला यायचा.

त्याने चौकटींच्या कागदावर घराचा नकाशा काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीला गज, मोरीच्या झरोक्याला जाळी, मागच्या दाराला अडसर. पुढच्या दाराबाहेर लोखंडी जाळीचं दुसरं दार आणि त्याला पितळी कुलूप. बाहेरून.

सासूबाईंनी चष्मा वर करून नकाशा पाहिला. "म्हणजे मी आत, आणि कुलूप बाहेर?"

"तुमच्या भल्यासाठीच, आई. कुणी काहीही थाप मारली तरी तुम्हाला दार उघडताच येणार नाही. काही लागलं तर फोन करा, पाच मिनिटांत हजर."

"बरं," त्या म्हणाल्या. बायको काहीतरी बोलणार होती, पण त्याने तिच्यासमोर मोरीच्या झरोक्याचं माप धरलं.

कुलपाच्या दोनच किल्ल्या ठेवल्या. एक त्याच्याकडे, एक बायकोकडे.

पहिला आठवडा सुरळीत गेला. मग एके दिवशी तो जेवायला आला आणि जाळीसमोर थबकला. कुलूप लागलेलं होतं, पण उलटं. कंपनीचा शिक्का असलेली बाजू घराकडे. रस्त्यावर उभं राहून कुलूप लावणारा माणूस शिक्का आपल्याकडे ठेवतो, नकळतच. हजारो कुलपं हाताखालून गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

"सकाळच्या घाईत माझ्याच हातून तसं लागलं असेल," बायको संध्याकाळी म्हणाली.

"पण सकाळी तुझ्यानंतर मी निघालो. मीच लावलं."

"मग तुमच्याच हातून लागलं असेल."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्याने सगळी कपाटं तपासली. एक चमचाही हललेला नव्हता. उलट खुंटीवरचे त्याचे दोन शर्ट कडक इस्त्री करून ठेवलेले. घरातली इस्त्री तर केव्हाची बंद पडली होती.

"आई, शर्टांना इस्त्री कुणी केली?"

"झाली खरी," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.

त्याचं डोकं चक्रावलं. कुलूप न तोडता आत येणारा, काही न नेणारा, वर इस्त्री करून जाणारा हा कसला चोर? त्याने तडकाफडकी कुलूप बदललं. दुसऱ्याच दिवशी दुकानात कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला आला.

"हिच्यासारखी एक किल्ली बनवून द्या. गोदामाची आहे."

"परवाच तर नेलीत की एक."

"हो... कुलूप बदललं ना." लाँड्रीवाला का कोण जाणे, कानामागे खाजवत राहिला.

"बदलायलाच हवं. दिवस वाईट आहेत. किल्ली जपून ठेवा, कुणाच्या हाती देऊ नका." बोलता बोलता त्याने किल्ली कापली, कानस फिरवली आणि नेहमीसारखी आपली खूण म्हणून डोक्यावर एक बारीक ठिपका ठोकला. या कंपनीची कुलपं त्याने अर्ध्या गल्लीला विकली होती. एक किल्ली दुसरीसारखी दिसली तर त्यात नवल ते काय!

त्या आठवड्यात नवं कुलूपही उलटं लटकलेलं सापडलं.

आता मात्र तो पुरता भांबावला. सासूबाईंना विचारावं तर त्या घाबरतील. बायकोला विचारलं की ती विषय बदलायची. एकदा वाटलं, आपल्यालाच तर विसरायला होत नाहीये? त्याने सकाळी कुलूप लावताना शिक्क्याची बाजू मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. "बाहेर. शिक्का बाहेर." शेजारीण गॅलरीतून बघत राहिली.

शेवटी त्याने ठरवलं, चोराला रंगेहाथ पकडायचं. अकरा वाजता दुकान तसंच सोडून तो घरी आला. कुलूप सरळ होतं. हुश्श म्हणून त्याने ते उघडलं.

"आई?"

उत्तर नाही. आतली खोली रिकामी. मोरी रिकामी. मागच्या दाराला अडसर तसाच. खिडक्यांचे गज तसेच. बंद घरातून जितंजागतं माणूस नाहीसं झालं होतं. त्याने पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. मग बायकोला फोन लावला.

"आई घरात नाहीत! कुलूप आहे, सगळं आहे, आई नाहीत!"

ती हळूच म्हणाली, "लाँड्रीत बघा."

लाँड्रीच्या काउंटरमागे उंच स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. समोर कपड्यांच्या चिठ्ठ्या, कानाला फोन. "नमस्कार, लाँड्रीतून बोलतेय. आपला कोट तयार आहे, साहेब. सावकाश या." तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, हे त्याला माहीत होतं. तो आवाज मात्र त्याने आज पहिल्यांदा ऐकला.

लाँड्रीवाला घाईघाईने इस्त्रीकडे वळला. सासूबाईंनी फोन ठेवला.

"आई, तुम्ही बाहेर आलात कशा?"

"जाळीतून हात बाहेर जातो की." त्यांनी कमरेची किल्ली काढून पुढे केली. किल्लीच्या डोक्यावर तोच बारीक ठिपका. "पोरीच्या किल्लीवरून तुम्हीच केलेली आहे. मऊ फिरते अगदी."

त्याला हसावं की रागवावं ते कळेना. दोघं घरी आले.

संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"तीनदा सांगितलं. दिवसभर माणसाचा आवाज नाही, आई गुदमरते, म्हटलं. प्रत्येक वेळी तुम्ही टेप काढून माप घ्यायला उठलात."

"पण ते चोर? उद्या कुणी आलं तर?"

"मलाही भीती वाटते हो. पण तिला कोंडून ठेवल्याने माझी भीती गेली नाही. तुमची गेली का?"

रविवारी त्याने जाळीवरचं पितळी कुलूप काढलं आणि दोन्ही बाजूंनी उघडणारं बसवलं. आतल्या दाराला साखळी लावली, बघायला काचेचं भोक पाडायला घेतलं. सासूबाईंनी दाराला टेकून उभं राहून पेन्सिलीची खूण करून दिली. त्याने धरलेल्या अंदाजापेक्षा ती चांगली चार बोटं खाली होती.

"मीटरवाला आला तर?" त्याने विचारलं.

"ओळखपत्र काचेसमोर धरायला सांगेन. वीज कंपनीच्या कचेरीत फोन करून खात्री करेन. माणसाला लाइनवर थांबवून ठेवायचं कसं, ते मला शिकवू नका."

सोमवारी अकरा वाजता त्याने घरी फोन केला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मग त्याने लाँड्रीचा नंबर फिरवला.

"नमस्कार, लाँड्री. कोणाशी बोलायचंय?"

"काही नाही, आई. सहजच."

"जरा लाइनवर थांबा हं, जावईबापू. गिऱ्हाईक आलंय."

दुकानासमोर दोन माणसं किल्ल्या घेऊन उभी होती. त्याने त्यांना हातानेच थांबायची खूण केली आणि फोन तसाच कानाला धरून ठेवला.