शक्तीच्या गोळ्या

मी चष्म्याचं घर बोलतोय. 'बोलतंय' म्हणायला हवं, ठाऊक आहे मला. माझे मालक छापखान्यात प्रुफं तपासायचे. त्यांनी हे वाक्य वाचलं असतं तर लाल शाईने तिथल्या तिथे खूण केली असती. पण ते आता नाहीत, आणि सगळा जन्म पुरुषाच्या खिशात काढल्यावर माझं वळण काय बदलणार? चालवून घ्या.

दुसरे लोक मला डबी म्हणतात, केस म्हणतात. आमच्याकडे मात्र घरच म्हणत. आत पत्रा, वर तपकिरी रेक्झिन, पोटात निळी मखमल आणि तोंड मिटताना 'खट्' करणारी स्प्रिंग. मालकांना चाळिशी लागली तेव्हा चष्म्याच्या दुकानातून मी त्यांच्याबरोबर आलो. रोज सकाळी छापखान्यात गेल्यावर ते मला टेबलावर उघडं ठेवायचे आणि शाईचा वास असलेले कागद पुढे ओढायचे. काना-मात्रा सुटली तर त्यांच्या कपाळाला नुसती आठी पडायची. पण नावात चूक राहून गेली की त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. माणसाचं नाव, औषधाचं नाव, यांत चूक म्हणजे कुणाचा तरी घात, असं ते खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला तावातावाने सांगायचे आणि तो बिचारा मान डोलवायचा.

त्यांना एकच लेक. आठवीत असताना ती शाळेच्या मैदानावर पडली. हातपाय झटकू लागले, डोळे पांढरे झाले. फिट आली होती. डॉक्टरांकडे मालकांनी मला उघडलं, चष्मा लावला आणि गोळीचं नाव दोनदा वाचून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "रोज न चुकता गोळी घेतली तर ही शिकेल, नोकरी करेल, सगळं करेल. फक्त गोळी चुकवायची नाही."

मालकीणबाईंनी एवढंच विचारलं, "लोकांना काय सांगायचं?"

"जे आहे ते सांगायचं," डॉक्टर म्हणाले.

हे काही बाईंच्या पचनी पडलं नाही. घरी येताना जिन्यातच शेजारच्या काकू भेटल्या. काय झालं, कसं झालं, सुरू झालं. बाई म्हणाल्या, "अशक्तपणा आहे हो. शक्तीच्या गोळ्या दिल्यात."

घरात आल्यावर मालक चिडले. "औषधाला धड नाव आहे. ते घ्यायला काय होतं?"

"नावं तुम्ही छापखान्यात तपासा," बाई म्हणाल्या. "उद्या पोरीचं लग्न व्हायचंय. कुणाच्या तोंडाला हात लावणार आहात?"

मालक बोलण्यात बाईंपुढे कधीच टिकले नाहीत. थोड्याच दिवसांत तेही जेवणानंतर विचारू लागले, "शक्तीची घेतलीस का गं?" आणि ती म्हणायची, "घेतली." शाळेत, कॉलेजात, मैत्रिणींत, सगळीकडे तेच. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं. तिला पुन्हा फिट आली नाही. त्यामुळे खरं नाव घ्यायची वेळही आली नाही, आणि वापर नसलेल्या किल्लीला जसा गंज चढतो तसा त्यालाही चढला.

मालक गेले. मी ड्रॉवरमध्ये जाऊन पडलो, सुया, सुटी बटणं आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या शेजारी. रिकामं घर म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मधूनच बाई ड्रॉवर उघडायच्या, मला हातात घ्यायच्या, 'खट्' करून मिटायच्या आणि परत ठेवायच्या. काही शोधत नसायच्या.

लेक गणिताची शिक्षिका झाली. मग परदेशातल्या एका शाळेत तिला नोकरी मिळाली. घरात आनंद असा की पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. दर महिन्याला आईने ठरवलेल्या 'बघण्याच्या' कार्यक्रमांचा धाक नाही, स्वतःचा पगार, स्वतःची खोली, मुलांना अपूर्णांक शिकवायचे. तिच्या चालण्यातच फरक पडला होता. डॉक्टरांनी तिला पुढच्या काही महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "आहेत तशाच स्ट्रिपमध्ये ठेवा. हातातल्या बॅगेत. माझी चिठ्ठी जवळ ठेवा. कुणी विचारलं तर सरळ सांगा."

निघायच्या आदल्या दिवशी ती काही सामान आणायला बाजारात गेली. बाई स्वयंपाकघरात बसल्या. स्ट्रिपांचा गठ्ठा समोर घेतला आणि एकेक गोळी अंगठ्याने दाबून बाहेर काढू लागल्या. सगळ्या झाल्यावर ड्रॉवरमधून मला आणलं, फडक्याने पुसलं आणि त्या बारीक पांढऱ्या गोळ्या माझ्या पोटात ओतल्या. नावं छापलेली चंदेरी टरफलं कचऱ्यात गेली आणि कचऱ्याची गाडीही लगेच आली.

लेक परत आली आणि बघतच राहिली. "आई, हे काय केलंस? डॉक्टरांनी तसंच ठेवायला सांगितलं होतं."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला? तिथे चार लोकांत राहायचंय तुला. कुणी बॅग उघडली, नाव वाचलं, मोबाइलवर बघितलं, की झालं. नोकरी पक्की होऊ दे आधी. चष्म्याचं घर कुणी उघडत नाही. बाबांचं आहे, बरोबर असू दे."

ती काहीतरी बोलणार होती. पण बाबांची आठवण म्हणून माझ्यावरून हात फिरवला आणि मला हातातल्या बॅगेत ठेवलं. मला वाटतं, तिलाही थोडं बरंच वाटलं असावं. डॉक्टरांची चिठ्ठी तिने प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये घातली आणि फाइल मोठ्या सुटकेसमध्ये. झालं. गोळ्या एकीकडे आणि त्यांचं नाव दुसरीकडे.

त्याच शाळेत निवड झालेले विज्ञानाचे सर विमानात बरोबर होते. साधा, बोलका माणूस. प्रवासभर 'मॅडम, खिडकी हवी का', 'मॅडम, चहा सांगू का' चाललं होतं.

उतरल्यावर तपासणीची रांग होती. आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी औषधांची पिशवी आणि कागद स्वतःहून पुढे केला. त्यांना बाजूच्या टेबलाशी पाठवलं, तिथे कुणीतरी वाचून बघितलं आणि गृहस्थ हसत निघून गेले. मी म्हटलं, चला, इथली माणसं बरी दिसतात.

मग आमची पाळी आली. गणवेशातल्या बाईंनी मला उघडलं आणि चष्म्याऐवजी गोळ्या बघून थबकल्या. "हे काय आहे?"

सर अगदी मागे उभे होते. लेकीने एकदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हिटॅमिन." म्हणजे आपल्या शक्तीच्या.

त्या अधिकारी बाईंनी चांगल्या शब्दांत, मुद्दाम सावकाश विचारलं. "डॉक्टरांनी दिलेलं औषध असेल तर सांगा. त्या टेबलावर दाखवा, बघून परत देतील."

सांग गं, मी मनात म्हणत होतो. तुझ्या बाबांनी दोनदा वाचून घेतलेलं नाव आहे, सांगून टाक. पण घराला तोंड असून उपयोग काय?

"नाही नाही," ती म्हणाली. "साध्याच आहेत."

साध्या, बिननावाच्या आणि एवढ्या सगळ्या गोळ्या सोडता येत नाहीत म्हणून त्या बाईंनी मला एका पिशवीवर उलटं केलं. गोळ्या गेल्या. मी परत मिळालो, मखमलीवर थोडी पांढरी पूड तेवढी राहिली. सर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, व्हिटॅमिन इथेही मिळतात." तिने मान हलवली. मला 'खट्' करून मिटलं आणि बॅगेत टाकलं.

तिची खोली अरुंद होती. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. औषधाच्या दुकानात तिने चिठ्ठी दाखवली, तर इथल्या डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं म्हणाले. डॉक्टरांकडे जायचं तर शाळेच्या ऑफिसमधून जायला हवं, म्हणजे शाळेला कळणार. "जरा रुळू दे," ती आरशात बघून म्हणाली. आरसा काय, हो म्हणाला. आईचा फोन यायचा. "घेतेस ना गं शक्तीच्या?" "घेते." दोघींचं रोजचं बोलणं तेवढ्यावर आटपायचं.  भीती वाटत होती तिला, आणि ती सांगायला त्या सबंध गावात तिचं कुणी नव्हतं.

मला तिने लाल पेनं ठेवायला घेतलं. मुलांच्या वह्या तपासताना मी वर्गातल्या टेबलावर उघडा असायचो, अगदी छापखान्यात असायचो तसाच. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला बरं वाटायचं. मुलांना ती आवडायची. अपूर्णांक शिकवताना ती कागदाची पोळीएवढी चकती कापून आणायची आणि सगळ्यात भांडखोर मुलीला वाटणी करायला लावायची. वर्ग हसून हसून लोळायचा.

अशाच एका तासाला फळ्याकडे वळता वळता ती थांबली. हातातला खडू पडला. मग ती पडली, कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, आणि तिच्या हाताच्या झटक्याने मीही खाली आलो. पेनं सगळीकडे पसरली. मुलं किंचाळली, एक मुलगी धावत बाहेर गेली आणि शेजारच्या वर्गातून विज्ञानाचे सर आले. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, आपला कोट डोक्याखाली घातला, मुलांना म्हणाले, "घाबरू नका, थांबेल आता." कुठे गडबड नाही, गोंधळ नाही. मला आश्चर्य वाटलं, ह्यांना हे सगळं कसं माहीत?

ते नंतर कळलं. कपाळाला टाके घालून ती दवाखान्यात पडून होती आणि सर खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "विमानतळावर मी मागेच होतो, मॅडम."

"हो."

"माझ्या धाकट्या भावाला आहे हे. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, गल्लीत माहीत आहे. तुम्ही नुसतं म्हटलं असतंत तर..."

ती छताकडे बघत म्हणाली, "तुम्हाला कळू नये म्हणूनच तसं बोलले. आणि खरं सांगू का, तोंडातून आपोआप आलं हो. लहानपणापासून आम्ही तेच म्हणतोय."

 सर रुमालाने चष्मा पुसत राहिले.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. आजारासाठी आम्ही कुणाला काढत नाही, असं त्या म्हणाल्या. "पण गोळ्या बंद असताना तुम्ही मुलांना घेऊन जिने उतरत होतात आणि कुणाला सांगितलं नाहीत, हे मी पालकांना कसं समजावू?" त्यांनी विचारलं. तिची नोकरी गेली. 

घरी आलो. बाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि बॅग उपसायला घेतली, म्हणजे रडू दिसू नये. मी हाताला लागलो. 'खट्'. आत दोन लाल पेनं.

"गोळ्या संपल्या का गं?"

"त्या उतरल्या दिवशीच गेल्या, आई. काढून घेतल्या. मी शक्तीच्या आहेत म्हणून सांगितलं."

बाई तिथेच खाली बसल्या. अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, "मीच काढल्या ना त्या. एकेक करून." लेक शेजारी येऊन बसली. मला वाटलं, आता तरी या घरात ते नाव निघेल.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "इतक्या लवकर परत?"

बाई म्हणाल्या, "तिथली हवा मानवली नाही हो तिला."

आतल्या खोलीत लेकीने डोळे मिटून घेतले.

आता डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. या वेळी तिने एकही स्ट्रिप फोडू दिली नाही. अख्खी स्ट्रिप माझ्यात घातली, तर ती माझ्यापेक्षा लांब निघाली. झाकण मिटेना. बाई म्हणाल्या, "कात्रीने कापू का?" ती म्हणाली, "नको. उघडंच राहू दे."

तेव्हापासून मी बाहेरच्या टेबलावर असा आ वासून पडलोय, आणि गोळीचं नाव माझ्या तोंडातून बाहेर आलंय. अक्षरं बारीक आहेत, पण चष्मा लावला तर वाचता येतील. जिन्यात पाऊल वाजलं की बाई हातातलं काम टाकून येतात आणि माझ्यावर रुमाल टाकतात. माणूस गेलं की लेक तो काढते. रोज असंच चाललंय. बाई, तुमचा राग नाही मला. आयुष्यभर झाकायचंच काम केलंय मी, झाकण्यातली माया मला कळते. पण एकदा पाऊल वाजेल आणि तुम्ही जागच्या उठणार नाही, त्या दिवसाची मी वाट बघतोय. आत्ताही जिन्यात कुणीतरी येतंय. तुम्ही पदराला हात पुसलेत. रुमाल उचललात.