दगडांना वॉर्निश

सगळे. एकही सोडला नाही.

बाबा घर रिकामं करून माझ्या भावाकडे राहायला निघालेत. परवा फोनवर म्हणाले, "आपले दगड तू ने. तो तर फेकूनच देईल." म्हणून रजा टाकून आले, खोक्याचं झाकण उघडलं आणि आतून नव्या कपाटासारखा वास आला.

"चकचकीत झालेत ना?" बाबा म्हणाले. "दोन-दोन हात मारलेत."

थांबा. आधी हे सांगायला हवं.

बाबा खडीच्या कारखान्यात होते. मशीनच्या जबड्यात जायच्या आधी एखादा दगड मनात भरला की खिशात. रविवारी आम्ही दोघं मागच्या दारात बसायचो. कोरडा दगड मुका. जीभ लावली की आतला रंग वर येतो, वाळला की परत जातो. आधी मी चाटायची, मग बाबा. प्रत्येकाची चव वेगळी, म्हणून प्रत्येकाला नाव. आई म्हणायची, "जगाला आंबट खायचे डोहाळे लागतात, या बापलेकीला दगडांचे."

पोलीस (खारट)

जीभ लावली. वॉर्निश.

मावशी (गंजलेल्या खिळ्यासारखी)

वॉर्निश.

बिनकानाची म्हैस

जाऊ दे.

"बाबा, काय करून ठेवलंत हे?"

"का? रंग कायमचा वर आणला."

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"अगं, तू येतेस ती चपला न काढता. उभ्या-उभ्या बघतेस आणि निघतेस. म्हटलं, पटकन दिसावेत तरी. चाटत बसायला वेळ कुठे तुला?"

"मला चाटायचेच होते!"

चाळिशी उलटलेली बाई हे ओरडली. समोरची शेजारीण खिडकीत आली.

बाबांचा आवाज उतरला. "थिनरनं निघेल."

निघालं नाही. म्हणजे निघालं, पण

पोलीस पांढुरका पडला. बोटांना चिकटायला लागला. बाबांनी चिंधीचा दुसरा बोळा भिजवला.

"नको."

"अगं, सुटतंय बघ..."

"बाबा, नको म्हणते ना!"

पोलीस हिसकावून घेतला. त्यांच्या हातात बोळा, माझ्या हातात तो बुळबुळीत गोळा.

"मग काय करू सांग," ते म्हणाले. "फेकू?"

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. फेका म्हणायला तोंड उघडलं. मिटलं. पोलिसाला खोक्यात टाकलं, झाकण दाबलं, खोकं उचललं. कंबर कळवळली.

बाबा दुसरी बाजू धरायला आले.

"सोडा. मी नेते."

"एकटीला पेलायचं नाही."

"सोडा म्हणतेय!"

सोडलं नाहीच. तसेच तिरके-तिरके जिना उतरायला लागलो, ते उलटे, मी सुलटी.

"पुढे ढकलू नकोस."

"मी कुठे ढकलतेय? तुम्हीच ओढताय."

"ओढत नाहीये. वळण आलंय. माझ्याकडे काय बघतेस, खाली बघ."

"बघतेय."

"कुठे बघतेस!"