दुसरा खेळ

आईने स्वेटरवर बिल्ला लावून घेतला आणि तो सरळ बसलाय का हे मान खाली घालून पाहिलं. बिल्ल्यावर 'पालक' असं छापलं होतं. दाराशी बसलेल्या विद्यार्थिनीने दोन बिल्ले पुढे केले होते. एकच पुरे, म्हणत आईने दुसरा परत केला.

विद्यापीठ तसं चिमुकलं, पण माजी विद्यार्थ्यांचं कौतुक करायला बसलं की नुसतं उतू जायचं. लांबलचक टेबलांवर त्यांची पुस्तकं मांडली होती. कुणाची जाडजूड कादंबरी, कुणाचे कवितासंग्रह, कुणाचं पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक. शिवणकामात हयात गेलेल्या आईने एकेक उचलून आधी त्याची शिलाई पाहिली. कवितांची निम्मी पानं कोरीच होती. एवढा कागद वाया घालवलाय, असं मनात येऊन तिचं तिलाच हसू आलं. टोकाला लेकीच्या फिल्मचा फलक होता. त्यावर लेकीच्या बाबांचा चेहरा, भला मोठा, दाढी वाढलेला. जरा बरा फोटो निवडायचा होता, असं आईला वाटलं.

नवऱ्याच्या आजारपणात लेक कॅमेरा घेऊन घरी आली, तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. नवराच म्हणाला, काढू दे तिला, तेवढीच माझ्यापाशी बसेल. आणि लेक बसली. औषधं दिली, अंग पुसलं, चादरी बदलल्या. बोट ठेवायला जागा ठेवली नाही. शेवटच्या दुपारी तिनेच आईला बळेबळे शेजारच्या खोलीत नेऊन झोपवलं. उठवलं ते हे सांगायलाच, की बाबा झोपेतच गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर आईने वर्ष काढलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. आपण नेमक्या तेव्हा झोपलो याचं तिला वाईट वाटे, पण तोही झोपेतच होता, म्हणजे त्याला आपली उणीव भासली नाही, अशी ती मनाची समजूत घाले.

सभागृहात दिवे मालवले. पडद्यावर नवरा उशीला टेकून म्हणाला, "आमची ही जगाच्या विजारी आखूड करते. माझी मात्र अजून लोळतेय." लोक हसले. आईही हसली. माणूस असा पुन्हा बोलताना पाहून तिचा जीव सुपाएवढा झाला.

मग ती दुपार आली. आईनेच शिवलेला पडदा, त्याच्या फटीतून आलेलं ऊन, आणि उन्हात त्याचा हात. तो जागा होता.

"अगं," तो म्हणाला.

थोडं थांबून पुन्हा, "अगं, कुठे आहेस?"

आई खुर्चीतून अर्धी उठली. "आले," ती म्हणाली. मागून कुणीतरी तिला गप्प केलं.

पडद्यावर कुणीच आलं नाही. चित्र हललं, म्हणजे कॅमेरा धरणारी जागची उठली होती. दार तिथेच होतं, पलंगाच्या पायथ्याशी, नुसतं लोटलेलं. आता ती दाराकडे वळेल म्हणून आई श्वास रोखून बसली. पण कॅमेरा पलंगाला वळसा घालून त्याच्या चेहऱ्यासमोर गेला आणि स्थिरावला. त्याने आणखी एकदा हाक मारली. मग तो दाराकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याचं बघणं संपलं.

टाळ्या थांबेनात. विभागप्रमुख डोळे पुसत लेकीच्या धैर्याबद्दल बोलले. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी दुसरा खेळ लगेच सुरू होईल, असंही त्यांनी सांगितलं.

गर्दी ओसरल्यावर लेक आईशेजारी येऊन बसली.

"तू कित्येक रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हतास, आई. तुला उठवायचं माझ्या जिवावर आलं."

"तू उठली होतीस की," आई म्हणाली. "दिसलं मला."

लेकीचा चेहरा पडला.

"कॅमेरा हातात होता म्हणून मी तिथे उभी राहू शकले. नाहीतर पळून गेले असते."

"आणि मला सांगायचं ते इथे? चारचौघांत?"

"तोंडाने सांगता आलं नसतं मला."

ते खोटं नव्हतं, हे आईला कळत होतं. तरी तिला संताप आवरत नव्हता, आणि पोटच्या पोरीला जवळ घ्यावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत नव्हतं. लेकीने तिचा कोट आणला, घरी चल म्हणून विनवलं. नवे लोक आत येऊ लागले होते. आई उठली, पण दाराकडे न जाता पहिल्या रांगेत, स्पीकरच्या अगदी जवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

"पुन्हा कशाला बघतेस, आई?"

"तू जा," आई म्हणाली. "ते हाक मारतील तेव्हा मी इथे असलेली बरी."