जुनी इंदूरच्या माडीवरचं जपानी जहाज

भाद्रपदातलं थकलेलं ऊन श्रीधरकाकांच्या हातांवर उतरतं, तेव्हा त्या हातांच्या निळ्या शिरा एखाद्या जीर्ण सागरी नकाशासारख्या उजळतात. जुनी इंदूरमधल्या त्यांच्या माडीवर पंखा इतका संथ फिरतो की त्याच्या पात्यावर कबुतरीने अंडी घालून पिलं उडवलेली मी स्वतः पाहिली आहेत. आणि काका बोलू लागले की समुद्रापासून शेकडो कोस दूरच्या आमच्या गल्लीत भरती येते, जिन्याला शेवाळ धरतं. यात अतिशयोक्ती असलीच तर ती शेवाळापुरती.

ऐंशी ओलांडलेल्या या निवृत्त रेल्वे कारकुनाने समुद्र कधी पाहिलेला नाही. पण एका जपानी मालवाहू जहाजाचं आयुष्य त्यांना स्वतःच्या कुंडलीपेक्षा पाठ. शांततेच्या काळात ते तांदूळ आणि सिमेंट वाहायचं; मग दुसऱ्या महायुद्धात लष्कराने त्याला जुंपलं, पोटात फळ्यांचे माळे ठोकले आणि पोत्यांच्या जागी माणसं रचली. महूच्या छावणीतून गेलेले, सिंगापुरात कैद झालेले काकांचे वडील त्या अंधारात चढले, एवढंच कळलं होतं. आई गेल्यावर चाळीस वर्षं काका परदेशी दफ्तरखान्यांना पत्रं लिहीत राहिले, आणि उन्हाळ्यात विहीर एकेक पायरी खाली जावी तसा त्यांचा आवाज ओसरत गेला.

या वर्षी उत्तर आलं. आत कैदी आहेत हे न जाणता दोस्त राष्ट्रांच्याच पाणबुडीने ते जहाज बुडवलं होतं. तळातलं कुणी वाचलं नाही. सोबत तारीख होती.

वडिलांच्या श्राद्धाची तिथी काढायला काका मला घेऊन गुरुजींकडे गेले.

"देखो श्रीधरजी, तिथी तर निघेल," गुरुजी पंचांग न उघडताच म्हणाले, "पण मग आईंची नवमी बंद करावी लागेल."

काकांच्या आई जन्मभर कुंकू लावून वाट पाहत राहिल्या, कुंकवानिशीच गेल्या. म्हणून त्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं करतात तसं, सवाष्ण जेवू घालून. वडिलांचं श्राद्ध घरात कधी झालंच नाही. त्या घराच्या लेखी ते आज एकशे दहा वर्षांचे होऊन कुठेतरी चहा पीत बसले असणार. आता एका तारखेने ती माउली मरणानंतर विधवा होणार होती.

परतताना काका जिन्यातच बसले.

"भिया, तू एवढ्या फेकतोस. सियागंजच्या भर बाजारात वाघ पाहिला म्हणतोस."

"दोन पाहिले, काका."

"मग एक माझ्यासाठी फेक. गुरुजींना सांग, पत्र दुसऱ्याच जहाजाचं निघालं."

"आणि तुमचे बाबा? एवढं शोधलंत त्यांना."

"सापडले ना. मला सापडले, तेवढं बस."

नवमीला गुरुजींनी विचारलंच. दोन वाघांना सहज मिशा फुटवणारी माझी जीभ जड झाली. आयुष्यातलं सर्वांत लहान, सर्वांत बिनसजावटीचं खोटं मी बोललो. "जहाज दुसरंच होतं, गुरुजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "बरं. सवाष्णीला पाटावर बसवा."

काका तिच्यापुढे नमस्काराला वाकले आणि बराच वेळ वर उठले नाहीत. मला वाटलं, माणूस कधी गेला हे काळालाच ठाऊक असतं. तो गेला असं कधी म्हणायचं, हे मात्र वाट पाहणाऱ्याने ठरवायचं, आणि तेवढं ठरवण्यातच त्याचं सगळं आयुष्य दमून जातं.